जलरंगातील पांढरा बैल

चित्रकलेच्या तासाला बैल काढावयास सांगितला की बहुतेक मुलांचा हात प्रथम पांढऱ्या रंगाच्या नळीकडे जातो. माळव्यातला बैल पांढरा, म्हणून रंगही पांढरा, असा त्यांचा सरळ हिशेब. आमचा पेशा चित्रकाराचा नव्हे, शाळामास्तरचा; परंतु रविवारी सकाळी कागद-कुंचला घेऊन बसण्याचा छंद जुना आहे. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग नळीत नसून कागदात असतो, हे त्या छंदात आम्हांस फार उशिरा उमजले.

तैलरंगात गडदावर उजळ रंग चढविता येतो. जलरंगाचा न्याय उलटा. थर पातळ असल्यामुळे प्रकाश त्यातून कागदापर्यंत जातो आणि परत फिरतो. म्हणून उजेडाची जागा आरंभीच राखावी लागते. एकदा बुडाली की ती पूर्ववत् होत नाही. जस्तापासून केलेला ‘चायनीज व्हाइट’ इंग्लंडात १८३४ साली बाजारात आला. शिंगाच्या टोकावरील एखाद्या ठिपक्यापुरता तो आम्हांस मान्य आहे. अंगभर फासला, तर बैल चुना लावलेल्या भिंतीसारखा दिसतो.

माळवी बैल उन्हात उभा असताना नीट पाहावा. मान, खांदे आणि वशिंड यांवर काळसर करडी झाक असते. पाठीची कड म्हणजे निव्वळ कोरा कागद; पोटाखाली मात्र सावली, आणि त्या सावलीत वाळल्या गवताचा पिवळसर उजेड उसळून आलेला. ही सावली रंगविणे म्हणजेच बैल रंगविणे. अल्ट्रामरीन निळ्यात थोडा बर्न्ट सिएना मिसळला की मिळणारा करडा रंग नळीतल्या काळ्याहून कितीतरी जिवंत असतो. शिवाय अल्ट्रामरीनचे कण खरबरीत कागदाच्या खळग्यांत जाऊन बसतात, आणि कातडीचा पोत आपोआप उतरतो. वशिंडावरची झाक कागद ओला असतानाच सोडावी, म्हणजे तिच्या कडा विरघळतात. गळ्याच्या पोळीच्या घड्या कागद वाळल्यावर.

केसांच्या बाबतीत आमच्या हातून एक चूक घडली. पुष्कळ वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने बैलाची सबंध पाठ एकाच ओल्या थरात सोडून दिली होती. ‘अरे, केस कुठे आहेत?’ असे विचारून आम्ही त्याला बारीक कुंचल्याने केस काढावयास लावले. अर्ध्या तासात बैलाचे साळिंदर झाले! मुलाने चित्र मुकाट्याने दप्तरात घातले आणि वर्षभर पुन्हा जनावर काढले नाही. दहा पावलांवरून बैलाचे केस सुटे दिसत नाहीत, हे त्या शेतकऱ्याच्या मुलाला ठाऊक होते, आम्हांस नव्हते.

केसांचा भास हवाच असेल, तर शेपटीच्या गोंड्याशी कोरडा कुंचला वापरावा. रंगात बुडवून फडक्यावर टिपावा आणि आडवा धरून झपकन ओढावा. रंग कागदाच्या उंचवट्यांवरच लागतो. बाभळीची साल, दावणीचा खुंटा, कडबा यांनाही हीच रीत. ओल्या रंगावर मीठ टाकून खडकाचा पोत आणण्याची युक्ती मुलांना फार आवडते, म्हणूनच ती उशिरा दाखवावी.

उभे जनावर सारखे हलते. आरंभ बसून रवंथ करणाऱ्या गाईपासून करावा. ती बराच वेळ जागची उठत नाही. पातळ कागद ओला करून फळीवर ताणून घ्यावा लागतो. ३०० ग्रॅम वजनाचा असल्यास तो खटाटोप बहुधा वाचतो.