सेकंदाला एक पिक्सेल

फुल एचडी पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० पिक्सेल असतात. एकूण २० लाख ७३ हजार ६००. सेकंदाला एक या गतीनं, न झोपता मोजले तर बरोबर २४ दिवस लागतात. एका सेकंदाचाही फरक नाही. फोर-के पडद्याला ९६ दिवस, कारण लांबी-रुंदी दुप्पट झाली की पिक्सेल चौपट होतात.

आता २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचा फोटो घ्या. ६००० बाय ४००० म्हणजे २ कोटी ४० लाख पिक्सेल, मोजणीला २७७ दिवसांहून जास्त. फुल एचडीवर अख्खा बसवला की त्याचा आकार होतो १६२० बाय १०८०, म्हणजे फक्त सव्वावीस दिवसांचा ऐवज! उरलेले साडेआठ महिने डोळ्यांपर्यंत पोचतच नाहीत, पण फोटो उघडला की तो अख्खाच्या अख्खा मेमरीत ७२ एमबी जागा अडवतो.

ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमनं चित्रकार रेम्ब्रांटच्या ‘नाइट वॉच’ या चित्राची जी प्रतिमा २०२२मध्ये खुली केली, तिच्यापुढे तर मती गुंग होते. ८,४३९ फोटो जोडून केलेली ही प्रतिमा ९ लाख २५ हजार बाय ७ लाख ७५ हजार पिक्सेलची आहे. दोन पिक्सेलमधलं अंतर मिलिमीटरचा दोनशेवा भाग. एकूण ७१ हजार ६८७ कोटी ५० लाख पिक्सेल. मोजायला २२ हजार ७०० वर्षं! मोजणी आज संपायची असेल, तर सुरुवात हिमयुगात करायला हवी होती. हे अख्खं चित्र फुल एचडीवर पाहताना पडद्याच्या एकेका पिक्सेलमागे मूळचे सुमारे ५ लाख १५ हजार पिक्सेल असतात. तरीही ते घरबसल्या पाहता येतं, कारण अशा प्रतिमांच्या लहान-मोठ्या प्रती करून त्यांचे चौकोनी तुकडे पाडलेले असतात. आपण पाहतो तेवढेच तुकडे येतात. रंगाचा कण न् कण जपणाऱ्या संग्रहालयालाही शेवटी पडद्याच्या मापानंच चित्र वाढावं लागतं.

म्हणून माझं स्पष्ट मत: फुल एचडीवर दाखवायच्या फोटोची रुंदी १९२० आणि उंची १०८०च्या आत बसवा, फोर-केसाठी ३८४० आणि २१६०च्या. उभ्या फोटोत उंची आधी पाहा. डीपीआय, म्हणजे इंचामागचे ठिपके, ७२ ठेवा की ३००, पडद्यावर काही फरक पडत नाही. तो आकडा छपाईसाठी. आणि लहान करायची ती नेहमी प्रत. मूळ फाइलला हात लावू नका, कारण गेलेले पिक्सेल परत येत नाहीत.