दोन भाऊ, दोन संघ

मनुष्याचा देश कोणता? तो जेथे जन्मला तो, की त्याचे आईवडील जेथून आले तो? बहुतेकांना हा प्रश्न पडतच नाही. कारण त्यांच्या बाबतीत दोन्हींचे उत्तर एकच असते. परंतु पोटापाण्यासाठी किंवा छळाला कंटाळून जे लोक स्वदेश सोडतात, त्यांच्या मुलांना मात्र केव्हा ना केव्हा या प्रश्नाला तोंड द्यावे लागते. फुटबॉलच्या खेळाडूंना तर त्याचे उत्तर साऱ्या जगासमक्ष द्यावे लागते.

११ जून २०१६ रोजी फ्रान्समधील लांस या शहरी युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत स्वित्झर्लंड व आल्बेनिया यांचा सामना झाला. स्वित्झर्लंडकडून ग्रानिट झाका खेळत होता, तर आल्बेनियाकडून त्याचा थोरला भाऊ तौलांत. या स्पर्धेत सख्खे भाऊ परस्परांविरुद्ध उभे राहण्याचा हा पहिलाच प्रसंग होय. त्यांचे आईवडील कोसोव्होतील आल्बेनियन. युगोस्लाव्हियाच्या राजवटीविरुद्ध निदर्शनांत भाग घेतल्यामुळे वडिलांना तरुणपणी कारावास भोगावा लागला. पुढे हे दांपत्य स्वित्झर्लंडला गेले. दोन्ही मुले तेथील बाझेल शहरात जन्मली, तेथेच खेळ शिकली आणि स्वित्झर्लंडच्या कुमार संघांतूनही खेळली. मोठेपणी मात्र धाकट्याने जन्मभूमीचा संघ निवडला आणि थोरल्याने पूर्वजांचा. त्या दिवशी प्रेक्षकांत बसलेल्या त्यांच्या आईने अर्धे निशाण एका देशाचे व अर्धे दुसऱ्याचे, असा सदरा घातला होता! सामना स्वित्झर्लंडने १-० असा जिंकला.

मग वाटेल त्याने वाटेल त्या देशाकडून खेळावे काय? तसे नाही. तसे झाले, तर धनवान देश जगभरातील उत्तम खेळाडू गोळा करतील आणि राष्ट्रीय संघ या शब्दाला अर्थच उरणार नाही. म्हणून फिफा या जागतिक संस्थेने नियम घातले आहेत. खेळाडू त्या देशाचा नागरिक असला पाहिजे. कुमार गटात एका देशाकडून खेळलेल्यास, दुसऱ्या देशाचेही नागरिकत्व असल्यास, ठरावीक अटींवर एकदा संघ बदलता येतो. तौलांतला हीच सवलत मिळाली. प्रौढ संघाकडून अधिकृत सामना खेळल्यावर मात्र पूर्वी परतीची वाट बंद होत असे. २०२० मध्ये हा नियम काहीसा सैल झाला. एकविसाव्या वर्षापूर्वी तीनपेक्षा अधिक सामने खेळले नसतील, त्यांस तीन वर्षे लोटली असतील आणि विश्वचषकाच्या किंवा खंडीय अजिंक्यपदाच्या मुख्य स्पर्धेत भाग घेतला नसेल, तर आता बदल शक्य आहे.

भारताचा कायदा याहून कडक आहे. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व मान्य नाही. त्यामुळे परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या खेळाडूस भारताकडून खेळता येत नाही. आराता इझुमी याची आई जपानी व वडील भारतीय. पुण्याच्या संघातून खेळणाऱ्या या खेळाडूने जपानचे नागरिकत्व सोडून भारताचे स्वीकारले, तेव्हा कोठे २०१३ मध्ये त्याला भारताकडून खेळता आले.

अशा खेळाडूंना कधी कधी कृतघ्न म्हणून हिणवले जाते. हा अन्याय होय. तौलांत आल्बेनियाकडून खेळला, तरी क्लबांकडून तो स्वित्झर्लंडमध्येच खेळत राहिला. एका संघाची निवड केली म्हणजे दुसऱ्या देशावरचे प्रेम सोडले, असे होत नाही. खेळाडूला सदरा एकच घालता येतो. आईप्रमाणे दोन्ही निशाणे मिरवण्याची मुभा त्याला नसते.