जयंती : सुट्टीची कीं कामाची ?

थोर पुरुषांच्या जयंत्या आणि पुण्यतिथ्या आमच्या समाजाला नव्या नाहींत. तसबिरीला हार घालावा, उदबत्ती लावावी, दोन भाषणें व्हावीं, मुलांनीं पाठ केलेलीं वाक्यें म्हणून दाखवावीं, आभारप्रदर्शन होऊन मंडळी घरोघर जावी, आणि ज्या पुरुषानें जन्मभर विसांवा घेतला नाहीं त्याच्या नांवानें आपण दुपारीं स्वस्थ झोप घ्यावी, हा क्रम आपल्या चांगलाच अंगवळणीं पडला आहे. यांत श्रद्धा नसते असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु स्मरणाचा दिवस असतो तरी कशासाठीं, हा प्रश्न एकदां शांतपणें विचारून पाहण्यासारखा आहे. अमेरिकेंतील लोकांनीं तो एका जयंतीच्या निमित्तानें स्वतःस विचारला, आणि त्याचें उत्तर कायद्यांत लिहून ठेविलें. ती हकीकत वाचकांपुढें मांडावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

ही जयंती मार्टिन ल्यूथर किंग यांची. कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांसाठीं झगडणारे हे धर्मोपदेशक १५ जानेवारी १९२९ रोजीं अटलांटा शहरीं जन्मले, आणि ४ एप्रिल १९६८ रोजीं मेंफिस येथें मारेकऱ्याच्या गोळीस बळी पडले. त्यानंतर चारच दिवसांनीं जॉन कॉनयर्स या लोकप्रतिनिधीनें त्यांच्या जन्मदिवसाची राष्ट्रीय सुट्टी असावी असें विधेयक मांडलें. तें मंजूर होण्यास पंधरा वर्षें लागलीं. १९७९ सालीं तें प्रतिनिधिगृहांत अवघ्या पांच मतांनीं पडलें. पुढें स्टीव्ही वंडर या गायकानें गाणें रचून लोकमत जागविलें, लाखों सह्यांचे अर्ज राजधानींत पोंचले, आणि २ नोव्हेंबर १९८३ रोजीं अध्यक्ष रेगन यांची विधेयकावर सही झाली. १९८६ पासून जानेवारीच्या तिसऱ्या सोमवारीं ही सुट्टी पाळण्यांत येते. संयुक्त संस्थानांतील सर्वच संस्थानांनीं ती आनंदानें स्वीकारली असेंही नाहीं. ॲरिझोना संस्थानच्या मतदारांनीं १९९० सालीं ती नाकारली. तेव्हां १९९३ चा फुटबॉलचा अंतिम सामना त्या संस्थानांतून हलविण्यांत आला. १९९२ सालीं त्याच मतदारांनीं ती मान्य केली.

सुट्टी मिळाली, पण ती घालवावी कशी? दुकानांत स्वस्ताईच्या जाहिराती लागाव्या आणि लोकांनीं तीन दिवसांची सहल काढावी, एवढ्यासाठीं हा खटाटोप नव्हता. म्हणून १९९४ सालीं दुसरा कायदा झाला, आणि हा दिवस लोकसेवेचा ठरविण्यांत आला. तो पुढें आणणाऱ्या दोघांची ओळख करून घेण्यासारखी आहे. हॅरिस वॉफर्ड हे तरुणपणीं हिंदुस्थानांत येऊन गांधींच्या मार्गाचा अभ्यास करून गेलेले गोरे गृहस्थ. आणि जॉन लुईस हे विद्यार्थिदशेंतच चळवळींत पडून, १९६५ सालीं सेल्मा येथील पुलावर पोलिसांच्या लाठीनें डोकें फोडून घेतलेले कृष्णवर्णीय पुढारी. हा दिवस कामावर न जाण्याचा नसून कामाला लागण्याचा आहे, असें तेथें तेव्हांपासून सांगण्यांत येतें.

त्याप्रमाणें त्या सोमवारीं गांवोगांव सकाळीं प्रार्थना आणि सामुदायिक न्याहारी होते, मिरवणुकी निघतात. महाविद्यालयांचे विद्यार्थी तुकड्या करून बाहेर पडतात. कोणी प्राथमिक शाळेच्या भिंती रंगवितात, कोणी गरजूंसाठीं धान्याच्या पिशव्या भरतात, कोणी नदीकांठचा केरकचरा काढतात, कोणी मतदारांचीं नांवें नोंदविण्यासाठीं मेज मांडून बसतात. संध्याकाळीं व्याख्यानें आणि वादविवाद होतात. नॅशव्हिल शहरांत लोक जेफर्सन रस्त्यावरून चालत विद्यापीठाच्या सभागृहाकडे जातात. या रस्त्याला एक जुना इतिहास आहे. तो पुढें येईलच.

विद्यालयें आणि मोहल्ले या उत्सवांत असे हातांत हात घालून कां चालतात, हें समजण्यासाठीं मूळ चळवळीकडे वळलें पाहिजे. किंग यांचें नांव मोठें झालें तें माँटगोमेरी शहरांतील बसगाड्यांवरील बहिष्कारामुळें. १ डिसेंबर १९५५ रोजीं रोझा पार्क्स या शिवणकाम करणाऱ्या बाईनें गोऱ्या उतारूसाठीं आपली जागा सोडण्याचें नाकारलें आणि तिला अटक झाली. त्याच रात्रीं जो ॲन रॉबिन्सन या इंग्रजीच्या प्राध्यापिकेनें आपल्या महाविद्यालयाच्या छपाईयंत्रावर, दोन विद्यार्थ्यांस हाताशीं घेऊन, हजारों पत्रकें छापून काढलीं. उजाडतांच तीं मोहल्ल्यामोहल्ल्यांत गेलीं. सोमवारीं गाड्या रिकाम्या धांवल्या, आणि पुढें ३८१ दिवस लोक पायीं चालले किंवा एकमेकांच्या मोटारींतून कामावर गेले.

या मोटारींच्या पेट्रोलाचा खर्च कोठून आला, हें आमच्या भगिनींनीं अवश्य ऐकावें. जॉर्जिया गिलमोर नांवाची एक स्वयंपाकीण होती. तिनें शेजारच्या बायांस गोळा केलें. त्या घरोघर केक आणि पाय भाजीत, ते विकीत, आणि आलेला पैसा दर आठवड्यास सभेंत आणून देत. यांतील बहुतेक जणी गोऱ्यांच्या घरीं नोकरीस. नांव फुटलें तर भाकरी जाणार ! म्हणून पैसा कोठून आला असें कोणीं विचारलें, तर ‘कोठूनच नाहीं’ असें उत्तर ठरलेलें असे, आणि तेंच त्या मंडळाचें नांव पडलें. गिलमोरबाईनें न्यायालयांत उघड साक्ष दिली तेव्हां तिची नोकरी गेलीच. मग तिनें घरींच खाणावळ घातली, आणि किंग यांच्यासारखे पुढारी तिच्या टेबलाशीं जेवूं लागले. मोठ्या चळवळीचा इतिहास लिहितांना व्यासपीठावरच्या माणसांचीं नांवें येतात. चुलीपाशीं उभें राहून ज्यांनीं ती जगविली त्यांचीं नांवें वगळलीं जातात.

माँटगोमेरीची ही बातमी ज्या अनेक गांवीं पोंचली त्यांत आपलें नागपूरही होतें. तेथील हिस्लॉप महाविद्यालयांत जेम्स लॉसन नांवाचे एक तरुण कृष्णवर्णीय मिशनरी १९५३ पासून काम करीत होते. कोरियाच्या युद्धासाठीं सैन्यांत जाण्याचें नाकारल्यामुळें मायदेशीं त्यांनीं तुरुंगवास भोगला होता, आणि गांधींच्या सत्याग्रहाचा अभ्यास करावा ही त्यांची इच्छा होती. अहिंसेचा पहिला पाठ मात्र त्यांस घरांतच मिळाला होता. लहानपणीं रस्त्यांत एका गोऱ्या मुलानें त्यांना हिणकस शब्द वापरला, तेव्हां त्यांनीं त्याला थोबाडीत मारली आणि घरीं येऊन तें आईस सांगितलें. आई स्वयंपाक करीत होती. तिनें मागें वळूनही न पाहतां एवढेंच विचारलें कीं, त्यानें काय साधलें ? याहून चांगला मार्ग असलाच पाहिजे, हें तिचें म्हणणें त्यांच्या मनांत कायमचें राहिलें. नागपुरांत वर्तमानपत्र उघडतांच माँटगोमेरीची हकीकत त्यांच्या दृष्टीस पडली, आणि आपण शोधीत होतों तो मार्ग आपलेच लोक चालूं लागले आहेत, हें पाहून त्यांस अपार आनंद झाला. १९५६ सालीं ते परत गेले. १९५७ मध्यें किंग यांची आणि त्यांची गांठ पडली, आणि दक्षिणेंत तुमची आतांच गरज आहे असें किंग यांनीं त्यांस सांगितलें.

लॉसन नॅशव्हिल येथें धर्मशास्त्राचे विद्यार्थी म्हणून राहिले, आणि एका देवळाच्या तळघरांत त्यांनीं वर्ग सुरू केले. त्या शहरांतील मोठ्या दुकानांत कृष्णवर्णीयांनीं दोरे, फण्या, कापड खुशाल विकत घ्यावें. पण त्याच दुकानाच्या उपाहारगृहांत बसून कपभर कॉफी मागूं नये, असा शिरस्ता होता. तेथें जाऊन बसावयाचें, एवढाच बेत होता. पण तेवढ्यासाठीं महिनेच्या महिने नाटकासारखी तालीम चालली. एकानें शिव्या द्याव्या, केस ओढावे, तोंडावर सिगारेटचा धूर सोडावा. दुसऱ्यानें पाठ ताठ ठेवून बसावें, हात उगारूं नये, शिवी देऊं नये. ही तयारी चालू असतांच ग्रीन्सबरो येथें १ फेब्रुवारी १९६० रोजीं पहिल्या वर्षाचे चार विद्यार्थी असेच एका दुकानांत जाऊन बसले. १३ फेब्रुवारीस नॅशव्हिलचे शंभरावर विद्यार्थी नीटनेटके कपडे करून निघाले. २७ तारखेस त्यांना मारहाण झाली. सुमारें ऐंशीजण पकडले गेले, आणि दंड भरण्यापेक्षां त्यांनीं तुरुंग पत्करला. त्यांच्याबरोबर बसलेले कांहीं गोरे विद्यार्थीही मार खाणाऱ्यांत होते.

या मुलांच्या आईबापांची स्थिति आमच्या वाचकांस सहज कळेल. पोटास चिमटा घेऊन ज्याला महाविद्यालयांत घातला, तो मुलगा परीक्षेच्या सुमारास तुरुंगांत ! घराण्यांतील पहिलाच पदवीधर होऊं पाहणाऱ्या मुलानें हें करावें, याचें दुःख थोडें नव्हतें. तरी त्या घरांनीं मुलांकडे पाठ फिरविली नाहीं. ईस्टरचा सण तोंडावर होता, नव्या कपड्यांची खरेदी व्हावयाची होती. वडील मंडळींनीं त्या दुकानांतून कांहींच घ्यावयाचें नाहीं असें ठरविलें, आणि पेठ ओस पडली. १९ एप्रिल रोजीं विद्यार्थ्यांच्या वकिलाचें घर बाँबनें उडविण्यांत आलें. त्या दिवशीं हजारों लोक मुकाट्यानें विद्यापीठाकडून जेफर्सन रस्त्यानें नगरभवनाकडे चालत गेले. डायन नॅश या विद्यार्थिनीनें महापौरांस पायऱ्यांवरच सरळ प्रश्न केला, आणि हा भेदभाव अयोग्य आहे असें त्यांना सर्वांसमक्ष कबूल करावें लागलें. १० मे रोजीं तीं उपाहारगृहें सर्वांस खुलीं झालीं. जयंतीची आजची मिरवणूक ज्या रस्त्यानें जाते तो हाच रस्ता होय.

ज्या विद्यापीठांत लॉसन शिकत होते त्यानें मात्र त्यांस मार्च १९६० मध्यें काढून टाकलें होतें. त्याच विद्यापीठानें २००६ सालीं त्यांस अध्यापक म्हणून सन्मानानें बोलाविलें. ९ जून २०२४ रोजीं, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षीं, ते निवर्तले. संस्था ज्यांचा उत्सव करतात त्यांनाच कधीं काळीं त्यांनीं दारांतून घालविलेलें असतें, ही गोष्ट उत्सव करणाऱ्यांनीं विसरतां कामा नये.

येथेंच या सेवादिनावरील मोठ्या आक्षेपाचा विचार केला पाहिजे. तेथील कित्येक विचारी लोक म्हणतात कीं, झाडलोट आणि रंगकाम यांनीं कोणाचें कांहींच बिघडत नाहीं. म्हणूनच तें सर्वांस आवडतें. किंग यांनीं तर प्रस्थापितांस अडचणींत टाकणारे प्रश्न विचारले. या म्हणण्यांत तथ्य आहे. त्यांचा अंत कोणत्या कामांत झाला तें पाहावें. १ फेब्रुवारी १९६८ रोजीं मेंफिसचे दोन सफाई कामगार पावसापासून आडोसा घेण्यासाठीं कचऱ्याच्या गाडींत शिरले असतां तिच्या यंत्रांत चिरडून मेले. त्यानंतर सुमारें १३०० कामगारांनीं संप पुकारला. छातीवर फलक लावून ते रस्त्यांतून चालले. फलकावर ‘मी माणूस आहे’ एवढाच मजकूर होता. लॉसन तेव्हां त्या गांवीं धर्मोपदेशक होते. त्यांनीं किंग यांस मदतीस बोलाविलें, आणि तेथेंच किंग यांचा खून झाला. १६ एप्रिलला तडजोड होऊन कामगारांच्या संघास मान्यता आणि पगारवाढ मिळाली.

तेव्हां जयंतीच्या दिवशीं हौसेनें घटकाभर झाडू हातीं धरणारानें, ज्याच्या हातांत तो रोजच असतो त्याला पगार काय मिळतो, त्याला पाणी कोण देतें, त्याला कोणत्या नांवानें हांक मारतात, हेंही विचारावें. सेवेनें हात कामाला लागतात, न्यायाच्या प्रश्नानें मन कामाला लागतें. आणि जेथें दोन्ही घडतात तेथेंच हा दिवस सार्थकीं लागतो. मतदारनोंदणीचें मेज, स्वतःच्याच गांवाचा अप्रिय इतिहास सांगणारें व्याख्यान, एरव्हीं एकत्र न बसणाऱ्यांची एका पंक्तीची न्याहारी, या गोष्टींस आम्ही म्हणूनच अधिक महत्त्व देतों.

हा विषय आमच्या महाराष्ट्रास परका नाहीं. जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ, गुलामांस मुक्त केल्याबद्दल, अमेरिकेंतील सज्जनांसच अर्पण केला होता. नॅशव्हिलच्या मुलांनीं कॉफीचा पेला मागितला, त्याच्या तेहतीस वर्षें आधीं, २० मार्च १९२७ रोजीं, डॉ. आंबेडकरांनीं सहकाऱ्यांसह महाडच्या चवदार तळ्याचें पाणी ओंजळीनें प्राशन केलें. तें तळें नगरपालिकेनें ठरावानें आधींच खुलें केलें होतें. परंतु कागदावरचा ठराव आणि ओंजळींतलें पाणी यांत किती अंतर असतें, हें त्या दिवशीं झालेल्या मारहाणीनें आणि मागाहून झालेल्या तळ्याच्या शुद्धीनें दाखविलें. शुद्धि करणारे कोणत्या घरांतले होते हें सांगावयास नको. पण त्याच वर्षीं डिसेंबरांत महाडास मनुस्मृतिदहनाचा ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे हेही ब्राह्मणच होते. कोणत्या बाजूस बसावें हें जन्मानें ठरत नाहीं. जाऊन बसल्यानें ठरतें.

आपल्याकडील शाळा-महाविद्यालयांतून आणि मोठ्या कुटुंबांतून पुढील जयंती थोड्या निराळ्या रीतीनें करून पाहावी, अशी आमची सूचना आहे. हार अवश्य घालावा. त्यानंतर घरांतल्या वडील माणसांनीं मुलांस जवळ बसवून आपल्या गांवची विहीर, देऊळ, शाळेंतील बांक, पंगत, बिऱ्हाड भाड्यानें देण्याची रीत, यांपैकीं काय कोणास केव्हां बंद होतें आणि काय अजून बंद आहे, तें न लपवितां सांगावें. मुलांनीं प्रश्न विचारावे. ते गैरसोयीचे असले तरी त्यांचीं तोंडें बंद करूं नयेत. आणि त्या गोष्टींपैकीं जी आपल्या उंबरठ्याच्या आंत असेल, ती तरी त्याच दिवशीं बदलावी. एवढें झालें तर दुपारीं झोप घ्यावयास आमची हरकत नाहीं.