छटांचा हिशेब

आमच्या वाशीमचें प्राचीन नांव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ती राजधानी. त्या शाखेंतील हरिषेण राजाचा सचिव वराहदेव यानें पांचव्या शतकांत अजिंठ्याचें सोळावें लेणें कोरविलें, असें तेथील शिलालेख सांगतो. अजिंठ्याच्या चिताऱ्यांजवळ मूळ रंग मोजकेच होते: गेरू, पिवळी माती, काजळी, पांढरा, हिरवी माती आणि राजावर्ताचा निळा. तरीही चेहऱ्यावरील उजेड सावलींत कोठें मिसळला, तें डोळ्यास सांपडत नाहीं. चित्राच्या सहा अंगांत शास्त्रकारांनीं वर्णिकाभंगास स्थान कां दिलें, हें तेथें उमजतें.

हींच चित्रें हल्लीं घरोघर संगणकावर दिसतात; परंतु तेथें छटांची संख्या आधींच ठरलेली असते. तिलाच कलर डेप्थ म्हणतात. संगणकावरील जुन्या खेळांच्या सेटिंगांत मुलांना 16, 32 असे आंकडे दिसत, ते याचेच.

पडदा म्हणजे ठिपक्यांची रांगोळीच होय. प्रत्येक ठिपक्याचा रंग शून्य व एक या दोन अंकांनीं लिहितात. अशा एका अंकास बिट म्हणतात. एका बिटानें दोनच रंग लिहितां येतात आणि प्रत्येक वाढत्या बिटाबरोबर संख्या दुप्पट होते. म्हणून 8 बिटांत 256, 16 बिटांत 65,536, तर 24 बिटांत 1,67,77,216 रंग मावतात. मात्र 32 या आंकड्यास भुलूं नये. त्यांत बहुधा रंगांचे बिट 24च असतात. उरलेले 8 पारदर्शकतेसाठीं असतात किंवा रिकामे राहतात.

बिट कमी केले कीं संगणकाचें ओझें हलकें होतें, पण खेळांतील संध्याकाळच्या आकाशांत पायऱ्यांसारखे पट्टे उमटतात. पूर्वीच्या संगणकांत स्मृति तुटपुंजी असे. तेव्हां खेळ रचणारे 256 रंगांतच भागवीत आणि दोन रंगांचे ठिपके शेजारीं मांडून तिसऱ्याचा भास निर्माण करीत.

खेळाचें सेटिंग बदललें तरी चिंता नको. तें पूर्ववत् करतां येतें. जतन केलेल्या चित्राची गोष्ट निराळी. जीआयएफ प्रकारांत एका चित्रास 256 हून अधिक रंग मिळत नाहींत. त्यांत एकदां ठेविलेलें चित्र मागाहून 24 बिटांत उतरविलें, तरी गेलेल्या छटा परत येत नाहींत. वाटींतलें तूप डब्यांत ओतल्यानें वाढतें काय?

घरांतील वाडवडिलांचीं छायाचित्रें स्कॅनरवर उतरवितांना हें विशेष ध्यानांत ठेवावें. छायाचित्र रंगीत नाहीं म्हणून 1 बिटाचें 'काळें-पांढरें' सेटिंग निवडलें, तर आजीच्या चेहऱ्याच्या जागीं नुसता शाईचा डाग उरतो. करड्याच्या 256 छटा तरी घ्याव्या. कागद पिवळा पडला असल्यास 24 बिट उत्तम. ती पूर्ण प्रत निराळी जपावी आणि हलकी प्रत तिच्यावरून करावी. मूळ छायाचित्राचा कागद दिवसेंदिवस फिकट होतच आहे. त्याच्या ज्या छटा आज उतरवून घेऊं, तेवढ्याच पुढील पिढीच्या हातीं पडतील.