एअर रायफलचा आवाज वाढला म्हणजे ताकद वाढली का?

आज माझ्याच मूर्खपणाची गोष्ट. माझी स्प्रिंगवाली एअर रायफल मार कमी द्यायला लागली, म्हणून मी नळी मोडून हवेच्या भोकातून शिलाई मशीनचं तेल सोडलं. पुढचा बार? धडाम्! नळीतून धूर. मी खूश, म्हटलं पॉवर वाढली. कसली पॉवर! पिस्टन क्षणात हवा दाबतो, हवा तापते आणि तेल पेट घेतं. डिझेल इंजिनात होतं तेच. थोड्याच बारांत पिस्टनचं सील गेलं.

खरं दुखणं किरकोळ होतं. नळी मिटते त्या सांध्यावर टिश्यू पेपरची पट्टी ठेवा, छर्रा भरून सुरक्षित दिशेला बार काढा. पट्टी उडाली तर तिथलं रबरी सील गळतंय. माझी उडाली! नेम सरकत असेल तर आधी दस्त्याचे स्क्रू बघा, धक्क्यांनी ढिले होतात. आणि छर्र्याशिवाय बार कधीच काढू नका. पिस्टनला हवेची गादी मिळत नाही, तो थेट आपटतो.

जाड स्प्रिंग टाकायचा मोह होतो, मलाही झाला. पण आपल्याकडे ४.५ मिमी नळी आणि २० जूलपर्यंतच लायसन्स लागत नाही. ०.५४ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २५० मीटर गेला तर साधारण १७ जूल. २८० गेला तर २१! मी मूळचीच स्प्रिंग ठेवली. दोन्ही सीलं कारागिराकडून बदलून घेतली, आणि त्याचं बोलणंही ऐकून घेतलं.