उथळ पाण्यातले सुकाणू

खोल पाण्यात नाविकाला धीर देणारे सुकाणू किनारा जवळ आला की त्याच्या जिवाला घोर लावते. नावेच्या तळाखाली गेलेले पाते वाळूत रुतते, मागची लाट नावेला पुढे रेटते आणि सगळा भार पात्यावर अन् त्याच्या बिजागऱ्यांवर येतो. मग लाकूड तडकते, नाहीतर स्क्रू उपटून येतात.

चिनी जंक गलबतांनी हा प्रश्न कित्येक शतकांपूर्वी सोडवला. अख्खे सुकाणूच दोरांनी आणि रहाटाने वर ओढायचे. खोल समुद्रात ते तळाच्याही खाली सोडले की गलबताचे बाजूला सरकणे कमी होई. नदीच्या मुखाशी आले की पुन्हा वर. पण दोघांच्या नावेत रहाट ठेवायचा कुठे? म्हणून छोट्या शिडाच्या नावेत सुकाणूचे डोके जागेवर राहते आणि फक्त पाते एका बोल्टभोवती मागे, वर फिरते.

इयन प्रॉक्टर यांनी 1957 मध्ये आखलेली ‘वेफेअरर’ ही अशीच नाव. लांबी पाच मीटरांहूनही कमी. मधली फळी, म्हणजे सेंटरबोर्ड, खाली असताना तिला एक मीटरहून जास्त पाणी लागते; फळी आणि पाते उचलले की वीतभर पाणी पुरते. फ्रँक डाय यांनी 1963 मध्ये ‘वाँडरर’ नावाची वेफेअरर स्कॉटलंडहून आइसलंडला नेली, पुढच्या वर्षी नॉर्वेला. उत्तरेचा उघडा समुद्र ओलांडणारी तीच जात ओहोटीच्या चिखलात सुखाने बसते, याचे कौतुक करावे तेवढे थोडे.

बांधणीत दोर दोनच. पात्याच्या पुढच्या कडेला बांधून टिलरवरच्या, म्हणजे सुकाणू फिरवायच्या दांड्यावरच्या, क्लीटपर्यंत (दोर अडकवायच्या खाचेपर्यंत) आणलेला तो डाऊनहॉल, पाते खाली धरणारा. मागच्या कडेचा, डोक्यावरून येणारा तो अपहॉल, वर ओढणारा. लाकडी पाते स्वतःच तरंगून वर येऊ पाहते, म्हणून डाऊनहॉलवर सगळी भिस्त. हा दोर ताणला जाणारा नसावा. वेग वाढला की पाणी पात्याला मागे लोटते. दोर बोटभर जरी लांबला, तरी पाते तिरपे होते.

आणि तिरपे पाते हीच खरी डोकेदुखी. उभ्या पात्यावर पाण्याचा दाब बिजागऱ्यांच्या रेषेजवळच पडतो, म्हणून दोन बोटांनीही नाव वळते. पाते मागे झुकले की तोच दाब त्या रेषेपासून दूर जातो. टिलर जड होतो, हात भरून येतो, बोल्टभोवतीचे लाकूड पिळले जाते. नवशिक्याला वाटते वारा वाढला. खरे तर क्लीटमधून दोर निसटलेला असतो. म्हणून उथळ पाण्यात अर्धवट पात्याने जायचेच असेल, तर शीड ढिले सोडून, सावकाश.

घट्ट बांधलेले पाते खडकावर आपटले तर? जुना उपाय सोपा आहे: पाते लाकडी खुंटीने अडकवायचे आणि धक्क्याला ती खुंटी मोडू द्यायची. क्लॅमक्लीट कंपनीने आपोआप सुटणारा क्लीट काढला. ठरावीक ताणापुढे तो दोर सोडून देतो. दोन्ही उपायांत पाते वाचते, कारण आधी दुसरे काहीतरी हार मानते.

वेफेअररमध्ये खोल गेलेली फळी सहसा पात्याआधी तळाला लागते आणि तिची खरखर नाविकाला सावध करते. कॅलिफोर्नियाच्या होबी ऑल्टर यांच्या ‘होबी 16’ला ही सोय नाही. सर्फबोर्ड घडवणाऱ्या या माणसाने लाटांतून थेट वाळूवर चढणारी जोडनाव काढली, आणि तिला मधली फळीच ठेवली नाही. तिथे सर्वांत खाली जातात ती दोन सुकाणूंची पाती. इशारा द्यायला त्यांच्याआधी कोणी नाही. म्हणून त्यांना स्प्रिंगच्या खटक्याने धरलेले असते. तळाचा ठोसा बसला की खटका सुटतो आणि पाते आपण होऊन वर उसळते.

किनाऱ्याला लागताना पाते वर घ्यायचे; किनारा सोडताना क्रम उलटा. गुडघाभर पाण्यात पाते अर्धे खाली असते, नाव धडपणे वळत नाही, समोरून लाटा येतात. पाणी पुरेसे खोल झाले रे झाले की डाऊनहॉल खेचायचा. पाते पूर्ण खाली गेल्यावर दोराचा जो भाग क्लीटपाशी येतो, तिथे आधीच रंगीत धाग्याची खूण करून ठेवावी. म्हणजे मागे वळून न बघता, नजर लाटेवर ठेवून, पाते पुरते उतरले की नाही हे हातालाच कळते.