शेफील्डचें युगुलगीत

युगुलगीत म्हटलें म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें बहुधा एकच चित्र उभें राहतें. दोघांचें एकमेकांवर प्रेम आहे. एकानें ओळ सोडावी, दुसऱ्यानें ती उचलावी, आणि शेवटीं दोन्ही स्वर एकांत एक मिसळून जावेत. नाटकांत काय आणि बोलपटांत काय, युगुलगीताची रीत बहुतेक हीच. परंतु दोन माणसें भांडत असतां, किंबहुना एकमेकांपासून कायमचीं दूर होत असतां, त्यांनीं एकच गाणें गावें, ही कल्पना प्रथमदर्शनीं विचित्र वाटते. अशाच एका गाण्याची हकीकत आम्ही येथें वाचकांपुढें मांडणार आहों. गाणें इंग्रजी आहे. शेफील्ड शहरच्या एका वाद्यमंडळानें तें १९८१ सालीं ध्वनिमुद्रित केलें, तें देशोदेशीं गाजलें, आणि मौज ही कीं, ज्यानें तें रचलें व गाइलें त्याचा स्वतःचा त्यावर मुळींच विश्वास नव्हता. गाण्याचें नांव 'डोन्ट यू वॉन्ट मी', आणि मंडळाचें नांव 'द ह्यूमन लीग'.

शेफील्ड हें नांव आपल्याकडील वडील मंडळींस अगदींच अपरिचित नसावें. जुन्या घरांतील चाकूच्या पात्यावर किंवा वस्तऱ्यावर तें कोरलेलें आढळे. पोलादाच्या या शहरांत सन १९७७ मध्यें मार्टिन वेअर व इयन क्रेग मार्श या, संगणक चालविण्याची नोकरी करणाऱ्या, दोघां तरुणांनीं हें मंडळ उभारलें. गिटारीस व ढोलास हात लावावयाचा नाहीं, सर्व ध्वनि विजेच्या यंत्रांतूनच काढावयाचे, असा त्यांचा बाणा होता. गावयास त्यांनीं वेअरचा शाळासोबती फिलिप ओकी यास घेतलें. ओकी रुग्णालयांत पोर्टरचें काम करी, आणि त्यापूर्वीं तो कोणत्याहि मंडळांत गाइला नव्हता. जाणत्यांनीं या मंडळाची वाखाणणी केली, पण तबकड्या फारशा खपल्या नाहींत. १९८० च्या ऑक्टोबरांत आपसांत बेबनाव होऊन वेअर व मार्श निघून गेले. मागें राहिले दोघेच: ओकी, आणि गाणें चालू असतां पडद्यावर चित्रें दाखविणारा एड्रियन राइट. मंडळाचें नांव त्यांच्याकडे राहिलें, पण त्याबरोबर कर्जहि राहिलें, आणि यूरोपचा दौरा तर अगदीं थोड्या दिवसांवर येऊन ठेपला होता. दौरा रद्द करावा तर कार्यक्रम ठरविणाऱ्यांकडून फिर्याद होण्याची भीति!

अशा पेचांत सांपडलेला ओकी एका रात्रीं शेफील्डच्या 'क्रेझी डेझी' नांवाच्या नृत्यगृहांत गेला. गाण्यांत उंच पट्टीची साथ वेअर करीत असे. ती करावयास एखादी मुलगी मिळाल्यास तो शोधीत होता. तेथें त्यास दोन मैत्रिणी नाचतांना दिसल्या. जोॲन कॅथरॉल १८ वर्षांची होती व सूझन ॲन सली १७ वर्षांची. दोघीहि अजून शाळेंत शिकत होत्या. गाण्याचा किंवा रंगमंचावर उभें राहण्याचा धंदेवाईक अनुभव एकीसहि नव्हता. ओकीनें फारशी प्रस्तावना न करतां त्यांस दौऱ्यावर येण्याविषयीं विचारलें. योगायोग असा कीं, याच दौऱ्यांतील एका कार्यक्रमाचीं तिकिटें त्या मुलींनीं आधींच विकत घेऊन ठेविलीं होतीं.

येथें आमच्या पालक वाचकांनीं क्षणभर थांबावें. आपली मुलगी मोठ्या परीक्षेचा अभ्यास करीत आहे, आणि डोक्याच्या एका बाजूस लांब केंस व दुसऱ्या बाजूस आंखूड केंस ठेवणारा एक अनोळखी तरुण तिला कित्येक आठवडे परदेशीं नेण्याची परवानगी मागत आहे! ओकीची केशरचना खरोखरीच अशी होती, व त्या काळीं ती प्रसिद्धहि झाली. ओकी व राइट यांनीं मुलींच्या आईबापांची भेट घेतली, आणि आईबापांनीं होकार दिला. त्यांच्या जागीं आम्ही असतों तर काय केलें असतें हें सांगणें कठीण आहे. दौऱ्यांत त्या मुलींस सुखाचा अनुभव आला असेंहि नाहीं. श्रोत्यांनीं पूर्वींच्या चार पुरुषांचें मंडळ पाहावयास म्हणून पैसे मोजले होते. या दोन नवख्या मुली पाहून त्यांच्यापैकीं कित्येकांनीं हुर्यो केली. दौरा संपल्यावर दोघी परत शाळेंत गेल्या, आणि पुढें १९८१ सालीं मंडळाच्या कायमच्या सभासद झाल्या.

आतां गाण्याकडे वळूं. कुमारिकांसाठीं निघणाऱ्या एका मासिकांत ओकीनें छायाचित्रांतून सांगितलेली एक कथा वाचली, व तिच्यावरून त्यास हें गाणें सुचलें. 'अ स्टार इज बॉर्न' या नामांकित चित्रपटाचीहि त्यावर छाया आहे. नांवाजलेला पुरुष एका अनोळखी मुलीस पुढें आणतो, आणि तिची कीर्ति त्याच्यापेक्षां मोठी होते, हें त्या चित्रपटाचें कथासूत्र. ओकी, राइट व नव्यानें मंडळांत आलेला जो कॅलिस या तिघांनीं मिळून हें गीत तयार केलें. आरंभीं तें एकट्या पुरुषानेंच गावयाचें होतें. गाण्यांतील पुरुष म्हणतो तें असें: तूं एका पेयगृहांत वेट्रेसचें काम करीत होतीस, मीं तुला निवडलें, घडविलें, नवें रूप दिलें, आज जग तुझ्या पायांशीं आहे तें माझ्यामुळें, आणि ध्यानांत ठेव, ज्यानें वर नेलें त्यास खालीं आणतांहि येतें. आरंभीं आर्जव आणि अखेरीस धमकी. पुरुष एकटाच गात राहिला असता तर हें गाणें दुःखी प्रियकराचें रडगाणें म्हणून खपलें असतें, आणि ऐकणाऱ्यास त्याची दयाहि आली असती.

पण पुढें ओकीनें दुसरें कडवें मुलीच्या तोंडीं घालण्याचें ठरविलें, आणि तें गावयास सूझन सली हिला उभें केलें. येथें गाण्याचा सगळा नूरच पालटतो. ती चिडत नाहीं, रडत नाहीं. त्याचें पहिलें म्हणणें ती सरळ कबूल करते: होय, मी वेट्रेस होतें. मात्र त्याच दमांत ती सांगते कीं, याहून बऱ्या ठिकाणीं आपण जाणार हें मला तेव्हांहि ठाऊक होतें. तूं भेटला असतास किंवा नसतास. बरोबर घालविलेलीं पांच वर्षें चांगलीं गेलीं हेंहि ती मान्य करते, मनांत माया आहे असेंहि म्हणते, आणि निरोप घेते. एवढेंच तिचें भाषण. पुरुषास बोलावयास जितका अवकाश मिळाला तितका तिला मिळत नाहीं. तरी ऐकणारा जो आतांपर्यंत त्याच्या बाजूचा होता तो मनांतल्या मनांत बाजू बदलतो. एकाच घटनेची हकीकत दोघांच्या तोंडून ऐकल्यावर पहिल्या हकीकतींतील 'मीं, मीं, मीं' आपल्याला नव्यानें ऐकूं येऊं लागतें.

सलीचा आवाज कमावलेला नाहीं. आमच्या मतें तोच येथें मोठा गुण ठरला. एखाद्या पट्टीच्या गायिकेनें या कडव्यांत हरकती घेतल्या असत्या, कंठ दाटून आणला असता. मग ऐकणाऱ्याचें लक्ष गळ्याकडे गेलें असतें, म्हणण्याकडे नाहीं. ही मुलगी मात्र शेजारच्या घरांतून बोलल्यासारखी गाते. तिच्या कडव्यानंतर ध्रुवपद पुनः येतें, व त्यांत पुरुषाचा आणि मुलींचा आवाज एकत्र होतो. भांडण मिटलेलें नाहीं, पण शब्द व सूर दोन्हीकडे तेच! गाण्यास निकाल असा नाहींच. तें ध्रुवपद घोळवीत घोळवीत हळूहळू क्षीण होत जातें.

विद्यार्थ्यांस यांतील यंत्रांविषयीं कुतूहल असेल, म्हणून दोन शब्द. या गाण्यांत जें सूरवाद्य ऐकूं येतें त्यास सिंथेसायझर म्हणतात. सतारींत तार कंप पावते, बासरींत हवेचा स्तंभ कंप पावतो. येथें विद्युत्प्रवाहच ठराविक वेगानें आंदोलित केला जातो. वेग वाढविला कीं स्वर चढतो. आंदोलनाचा आकार बदलला, किंवा त्यांतील कांहीं अंश गाळून टाकला, कीं स्वराची जात बदलते. कधीं तो घंटेसारखा, कधीं कर्ण्यासारखा वाटतो. निर्माता मार्टिन रशेंट याच्या बर्कशायरमधील ध्वनिमुद्रणगृहांत असल्या यंत्रांस स्वर आंकड्यांच्या रूपानें पढविण्याची सोय होती: कोणता स्वर, किती वेळ, केव्हां थांबावयाचें, हें एकेक करून भरावयाचें, आणि मग यंत्र तें न चुकतां वाजवी. हें काम वादकाच्या रियाझापेक्षां कारकुनाच्या हिशेबासच अधिक जवळचें. ठेक्यासाठीं अमेरिकेच्या रॉजर लिन यानें १९८० सालीं बाजारांत आणलेलें तालयंत्र होतें. त्यांत खऱ्या ढोलावरील आघात मुद्रित करून, त्यांचे आंकडे यंत्राच्या स्मृतींत सांठविलेले असत. तेव्हां ढोल खरा, पण ढोलकऱ्या नाहीं, असा प्रकार. या यंत्रांस ना राग ना लोभ. तीं एका मापानें चालत राहतात, आणि त्यांच्यावर दोन माणसें आपलें भांडण मांडतात. त्या भांडणास जो एक थंड, करडा रंग चढला आहे त्याचें श्रेय या निर्विकार ठेक्यास आहे, असें आम्हांस वाटतें.

रशेंटनें गाण्यास दिलेलें शेवटचें रूप ओकीस मुळींच रुचलें नाहीं. तें फार गोड, फार गुळगुळीत झालें अशी त्याची तक्रार होती. १९८१ च्या ऑक्टोबरांत 'डेअर' हा मंडळाचा गीतसंग्रह निघाला, तेव्हां त्यानें हें गाणें सर्वांत शेवटीं, दुसऱ्या बाजूच्या अखेरीस घातलें. संग्रहांतील तीन गाणीं स्वतंत्र तबकडीवर निघून चांगलीं खपलीं. चौथें म्हणून 'व्हर्जिन' कंपनीनें हेंच गाणें निवडलें, तेव्हां ओकीनें विरोध केला. कंपनीनें ऐकलें नाहीं. मग त्यानें अशी अट घातली कीं, निदान तबकडीबरोबर एक मोठें रंगीत चित्र फुकट द्यावें. म्हणजे असलें कमी प्रतीचें गाणें विकत घेणाऱ्यास आपण फसलों असें वाटणार नाहीं! २७ नोव्हेंबर १९८१ रोजीं तबकडी बाहेर पडली. नाताळांत तीच ब्रिटनमध्यें पहिल्या क्रमांकावर होती. पांच आठवडे तिनें तो सोडला नाहीं. त्या वर्षीं त्या देशांत तिच्याहून अधिक कोणतीच एकगाणी तबकडी खपली नाहीं, आणि पुढें एकट्या ब्रिटनमधील तिचा खप १५ लाखांवर गेला.

अमेरिकेंत यश यावयास अधिक वेळ लागला. तेथें १ ऑगस्ट १९८१ रोजीं 'एमटीव्ही' नांवाची, अहोरात्र गाण्यांचीं चित्रें दाखविणारी दूरचित्रवाहिनी सुरू झाली होती. तिला दाखवावयास चित्रें हवीं होतीं, आणि अमेरिकन गायकांजवळ तीं थोडीं होतीं. ब्रिटिश मंडळांजवळ पुष्कळ होतीं. 'डोन्ट यू वॉन्ट मी'चें चित्र स्टीव्ह बॅरन यानें नोव्हेंबरांतील एका थंड, ओल्या रात्रीं स्लाउ गांवाजवळ घेतलें. त्यांत एका चित्रपटाचें चित्रण चालू असल्याचा देखावा आहे, व नटी त्या जागेवरून निघून जात आहे. फ्रेंच दिग्दर्शक त्रुफो याच्या चित्रपटाविषयींच्या चित्रपटावरून ही कल्पना घेतलेली होती. हें चित्र घरोघरीं दिसूं लागलें, आणि ३ जुलै १९८२ रोजीं अमेरिकेच्या यादींत गाणें पहिल्या क्रमांकावर चढलें. तेथें तें तीन आठवडे राहिलें.

तेव्हां, कोणी कोणास घडविलें? गाण्यांतील पुरुषाचा दावा आपण ऐकलाच. पण गाण्याबाहेरहि हाच प्रश्न उभा राहतो. नृत्यगृहांतून दोन शाळकरी मुलींस ओकीनें निवडलें ही गोष्ट खरी. उद्यां त्यानें त्यांस 'मीं तुम्हांस वर आणलें' असें म्हटलें असतें तर पुरावा त्याच्या हातीं होता. परंतु त्या दौऱ्यावर आल्या नसत्या तर दौरा कसा पार पडला असता, आणि सलीचें तें एक कडवें नसतें तर हें गाणें काय राहिलें असतें, हेंहि विचारावें लागतें. स्वतः ओकीस तर आपल्या हातांतील नाणें खरें कीं खोटें हेंच ओळखतां आलें नव्हतें. हें प्रेमगीत नसून माणसांमधील सत्तेच्या ओढाताणीचें, काहीसें कडवट गाणें आहे, असें त्यानें पुढें वेळोवेळीं सांगितलें; लोकांनीं तें फारसें मनावर घेतलें नाहीं. ओकी, कॅथरॉल व सली हे तिघे मात्र त्यानंतर चाळीस वर्षांहून अधिक काळ एकत्र गात राहिले. 'डेअर'ला ४० वर्षें झालीं त्या २०२१ सालीं त्यांनीं तो सबंध संग्रह रंगमंचावर गाण्याचा दौराहि केला. रशेंट तो पाहावयास नव्हता. २०११ सालीं त्याचें निधन झालें होतें.

मध्यंतरीं या गाण्यानें आणखी एक करामत केली होती. स्कॉटलंडमधील ॲबर्डीनच्या फुटबॉल संघानें १९९५ पासून एकहि चषक जिंकला नव्हता. त्यांच्या संघांत पीटर पॉलेट नांवाचा खेळाडू होता. त्याचें नांव 'डोन्ट यू वॉन्ट मी'च्या ध्रुवपदाच्या चालींत नेमकें बसतें, हें प्रेक्षकांच्या ध्यानांत आलें. १६ मार्च २०१४ रोजीं संघानें लीग चषक जिंकला, आणि प्रेक्षकांनीं ती चाल उचलून धरली. त्यांनीं मूळ गाणेंहि इतकें विकत घेतलें कीं, तेहतीस वर्षांपूर्वींचें तें गाणें ब्रिटनच्या यादींत पुनः पहिल्या २० मध्यें आलें. दोन माणसांच्या ताटातुटीचें तें ध्रुवपद हजारों लोक आपल्या खेळाडूच्या कौतुकासाठीं आनंदानें एका सुरांत गात होते.